स्वतंत्र वायर

स्वयंपाकघर गर्रकन फिरलं आणि फुटलं. ओट्यावर हिरवे चौकोन उमटले, कपाटांच्या दारांवरून जांभळ्या रेघा धावल्या आणि मग सगळा पडदाच काळा झाला. सिट्सकेने माउस आपटला. तीन वाजता मास्त्रिख्टच्या कंपनीतल्या बाई व्हिडिओवर येणार होत्या आणि त्यांना तिने आखलेलं हेच स्वयंपाकघर पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी, नोकरीबरोबर कंपनीची खोली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

तिला ते टोकच हवं होतं. नवऱ्याशी, वीबेशी, फारकत घ्यायची हे ठरून एक हिवाळा गेला, दुसरा आला, पण भाड्याची घरं मिळण्याच्या रांगेत दोघंही जिथल्या तिथे. तो बैठकीच्या खोलीत झोपायचा, ती आत. सकाळी फ्रिजसमोर दोघं परक्यांसारखी "आधी तू" म्हणायची. बाहेर मात्र कुणाला पत्ता नव्हता. वीबेला ते बरं दिसत नव्हतं.

बरं दिसण्याचं त्याला भारी वेड. हा कॉम्प्युटरही त्याने एकेक भाग निवडून स्वतःच जोडलेला. बाजूला काच, आत निळे दिवे, आणि वायर म्हणून एक नजरेला पडायची नाही. पडदा फुटायला लागल्यावर त्याने ड्रायव्हर नवा घातला, पडद्याची केबल बदलली, पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड उपसून पुन्हा बसवलं. मग निकाल दिला, "तुझं ते स्वयंपाकघरांचं सॉफ्टवेअरच गचाळ आहे. माझ्या मशीनला काही झालेलं नाही."

"दुकानात दाखवू या का?"

"घरी जोडलेलं मशीन दुकानात? हसतील मला."

आज तो आईच्या वाढदिवसाला गेला होता. भिंतीला लागून गोल मांडलेल्या खुर्च्या, कॉफी, केकचा एकेक तुकडा, आणि रीतीप्रमाणे जिचा वाढदिवस तिच्या घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन. सिट्सकेचं डोकं दुखतंय, असं तिथे सांगायचं ठरलं होतं.

तिने कॉम्प्युटर बंद केला, प्लग उपसला आणि काच काढली. आजवर तिने आतल्या भागांना हात लावला नव्हता. लावूच दिला नव्हता त्याने. तिने आत बोटं घातली. कार्डाला वीज देणारी वायर कॉफीच्या कपासारखी गरम लागली. कार्डाला वीज घ्यायच्या जागा दोन, वायर मात्र एकच. तिचेच दोन फाटे करून त्याने दोन्हीकडे खोचले होते. दुसरी वायर घेतली असती तर ती काचेतून दिसली असती.

सिट्सकेला हसू आलं, आणि हसता हसता संतापही आला. गिऱ्हाइकांना ती रोज काय सांगायची? विजेची शेगडी आणि ओव्हन एका वायरवर घेऊ नका. एकेकटे चालतील, पण दोन्ही तापले की दोन्ही बंद पडतील. प्रत्येकाला स्वतंत्र वायर लागते.

दुसरी वायर कपाटावरच्या खोक्यात होती, कारखान्यातून आली तशीच गुंडाळलेली. ती मागच्या बाजूने फिरवणं तिला जमलं नसतं, आणि वेळही नव्हता. तिने ती सरळ समोरून ओढली. काळी, जाड, निळ्या दिव्यांसमोर लोंबणारी. काच बसेना. तिने काच पलंगावर टाकली.

कॉम्प्युटर सुरू झाला. तिने स्वयंपाकघर फिरवलं. मग जोरात फिरवलं, दिवे लावून, नळातून पाणी सोडून फिरवलं. ते अख्खं राहिलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वीबे ओला कोट तसाच अंगावर ठेवून आत आला. हातात कागदी रुमालात बांधलेला केक होता.

"आईने दिलाय. तिच्या वाढदिवसाबद्दल सगळ्यांनी तुझंही अभिनंदन केलंय. मावशी म्हणत होती, यंदा उन्हाळ्यात तुम्ही दोघं..." तो थांबला. "हे काय लोंबतंय?"

"वायर. बिघाड तिथेच होता. चालतंय आता."

त्याने वाकून पाहिलं. त्याला एका नजरेत सगळं कळलं, हे तिला त्याच्या कानांच्या लाल पाळ्यांवरून समजलं. पण तो म्हणाला ते वेगळंच.

"अगं, पण समोरून? किती घाण दिसतंय! थांब, बंद करतो. मागून फिरवून घेतो, दहा मिनिटांत. जेमतेम दिसेल."

"पाच मिनिटांत त्या बाई येतायत, वीबे."

"मग त्यांना सांग ना, जरा उशीर होईल. नीट करून देतोय ना मी!"

त्याचं बोट बटणाकडे गेलं. सिट्सकेने त्याआधी बटणावर तळवा ठेवला.

"राहू दे."

"सिट्स, दिसतंय ते."

"दिसू दे."

पडद्यावर घंटी वाजली. बाई वेळेआधीच आल्या होत्या. सिट्सकेने उजव्या हाताने माउस दाबून कॉल घेतला. डावा बटणावरून हलला नाही.

"नमस्कार! अरे, तुमच्यामागे कुणी उभं आहे का?" बाईंनी विचारलं.

वीबेने घाईघाईने केसांवरून हात फिरवला आणि पाहुण्यांसमोर हसतो तसा हसला.

"हा वीबे," सिट्सके म्हणाली. "आम्ही वेगळे झालोय. घर मिळत नाही म्हणून इथे आहोत."

मागे केकचा कागद चुरगळल्याचा आवाज आला.

"बरं," बाई म्हणाल्या. "आता ते स्वयंपाकघर फिरवा बघू."