पात्रातली हिरवळ

"ही वाडी कुणाची गं?" चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता दत्तात्रयरावांनी विचारलं.

सुनेत्राने मान वर केली नाही. सासरे जर्मनीत ब्राउनश्वाइगला येऊन पंधरा दिवस झाले होते आणि दिसेल त्या वस्तूची चौकशी करत होते. "वाडी नाही, बाबा. लुणी नदीचा उपग्रहातून काढलेला फोटो आहे. राजस्थानच्या वाळवंटातली नदी. पावसाळ्यात थोडे दिवस वाहते, मग नुसती वाळू. त्या वाळूत आपोआप उगवलेली हिरवळ आहे ही."

त्या हिरवळीवर तिची तीन वर्षांची पीएचडी उभी होती. नदी आटली तरी वाळूखाली पाणी महिनोन्महिने टिकतं, नाहीतर पात्रात रान उगवलंच नसतं, असं तिचं म्हणणं.

दत्तात्रयराव निवृत्त तलाठी. पीकपाहणीत हयात गेलेली. "आपोआप उगवतं ते ओळीत उगवत नाही," ते म्हणाले. "नदी आटली की पात्रात चर खणतात, शेणखत घालतात, काठावरच्या विहिरीतून घागरीने पाणी आणून देतात. कलिंगडं आहेत ही."

सुनेत्राने फोटो जवळ ओढला. ओळी होत्या. तीन वर्षं होत्या. कॅमेऱ्याचा दोष समजून तिनेच त्या दरवेळी पुसून टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने प्रोफेसर होल्त्सना एका दमात सगळं सांगितलं आणि पीएचडी सोडून भारतात परतायची तयारी ठेवली. होल्त्स डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे, भारतातून आलात आणि कलिंगड ओळखलं नाहीत?" हसून झाल्यावर म्हणाले, चूक सापडली हेही संशोधनच. आता त्या शेतकऱ्यांवरच लिहा, वर्षभर मुदत वाढवून देतो. "आणि सासऱ्यांना कॉफीला घेऊन या."

शुक्रवारी दत्तात्रयराव कोट घालून इन्स्टिट्यूटमध्ये गेले. होल्त्सनी त्यांना भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोपाशी नेलं. आफ्रिकेतली कोरडी नदी, वाळूत हिरवे ठिपके. या रानावर लिहिलेल्या पुस्तकानेच आपलं नाव झालं, ही खुर्ची मिळाली, असं ते अभिमानाने सांगत होते. सुनेत्रा मराठीत सांगत गेली.

दत्तात्रयरावांनी चष्मा लावला. बोटाने ठिपके मोजले. आधी उभे, मग आडवे. होल्त्स कौतुकाने बघत होते.

"सुनेत्रा," दत्तात्रयराव हलक्या आवाजात म्हणाले, "यांना आत्ताच सांगायचं, की तुझी पदवी हातात पडल्यावर?"