दोन हाफ, बारामती

“कुठं?” कंडक्टरनं विचारलं.

प्राचीनं तोंड उघडलं आणि मिटलं. एसटीचा हा एक मोठाच जाच आहे. माणूस कुठं चाललाय ते भरल्या गाडीत मोठ्यानं सांगावं लागतं. लासुर्ण्याच्या थांब्यावर तिच्याबरोबर निम्मं गाव चढलं होतं, आणि ते सगळं आता तिच्या तोंडाकडं बघत होतं.

“दोन हाफ. बारामती,” शेजारून उत्तर आलं.

शेजारी म्हाळसाकाकू होती. प्राचीच्या नवऱ्याची, अजितची सख्खी चुलती. गाडी हलता हलता ती पदर खोचून धावत आली होती आणि धापा टाकत नेमकी प्राचीला चिकटून बसली होती.

सकाळी अजित इंदापूरला गेला, तशी ती बाहेर पडली होती. अजितचा हात सुटला की ती माहेरी, कळसला पळायची. दोनदा पळाली. दोन्ही वेळा तिला परत आणायला काकूच गेली. आईपुढं गोड बोलावं, कपभर चहा प्यावा आणि हिला उठवून गाडीत बसवावं. घरी आल्यावर अजितनं काय केलं, ते साऱ्या आळीनं ऐकलं होतं. तिसऱ्यांदा गेलीस तर जिती ठेवणार नाही, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. म्हणून आता कळस नाही. बारामतीला पुण्याची गाडी धरायची आणि हडपसरला साजियाकडं उतरायचं. साजिया शाळेपासूनची मैत्रीण. तिनं खोली बघून ठेवली होती, कामही बघितलं होतं.

“बारामतीत काय काढलंस?” काकूनं विचारलं.

“दाढ दुखतीय.”

“कुठली?”

प्राचीनं घाईघाईनं डावा गाल धरला.

“मंग मी येती की संगं. एकटीदुकटी कशाला जातीस?”

“नको काकू, तुमचा खोळंबा व्हईल.”

“मला कुठं जायाचंय?” असं म्हणून काकूनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, मांडीवर ठेवली आणि वरूनच चाचपली. दाढ दाखवायला कुणी साड्यांच्या घड्या घेऊन जात नाही, एवढं न कळायला काकू काही कुक्कुलं बाळ नव्हती.

प्राची खिडकीशी, काकू वाटेच्या अंगाला. उठायचं तर काकूच्या मांडीवरून उडी मारावी लागली असती. सणसरला गाडी थांबली तेव्हा प्राचीनं उठायचा प्रयत्न केलाही.

“बस गुमान,” काकू म्हणाली आणि तिचं मनगट धरलं. ते मग सोडलंच नाही.

प्राचीला काकूचा संताप आला आणि स्वतःचाही. एवढी मोठी मोटार, आणि आपल्याला मुठीएवढी जागा नाही पळायला! रडूसुद्धा येत नव्हतं. नुसती भीती वाटत होती.

बारामतीच्या स्टँडवर काकू तिला तशीच ओढत उतरली. पुण्याची गाडी फलाटाला लागलेली होती आणि तिच्या दाराशी ही झुंबड उडाली होती. तेवढ्यात काकूचा फोन वाजला.

“व्हय रं अजित, माझ्यापाशीच हाय. मनगट धरलंय म्या तिचं. कुठं जातीय पळून!”

संपलं, तिला वाटलं.

“न्हाय, तू येऊ नगंस. दाढंची भानगड हाय. डाक्टरकडं ही रांग लागलीया. सांज व्हईल आमाला,” काकू फोनवर सांगत होती. सांगता सांगताच ती गर्दीच्या कडेनं पुण्याच्या गाडीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि प्राचीची पिशवी खिडकीतून आत सीटवर टाकली. एसटीत सामान पडलं की जागा आपली झाली. तिथं मग कुणी बसत नाही.

काकूनं फोन बंद केला.

“काकू, ही पुण्याची हाय,” प्राची कशीबशी म्हणाली.

“मला वाचता येतं. जागा धरलीय, जा बस.”

प्राचीच्या डोळ्यांना आता कुठं पाणी आलं. “काकू, मी हडप...”

काकूनं तिच्या तोंडावर हात दाबला.

“उतरायचं कुठं, ते मला सांगू नगंस. सांजच्याला समदी मलाच इचारणार. आन् मला मेलीला खोटं बोलता येत न्हाय.”