ओळखणारा माणूस

फलटणच्या कचेरीसमोर नोटरीच्या टेबलाशी निवृत्त सुभेदार नाथाजी बसले होते. बंदुकीच्या परवान्यावर जादा काडतुसं मिळावीत म्हणून त्यांना प्रतिज्ञापत्र करायचं होतं.

"कारण काय लिहू?" नोटरीने विचारलं.

"जिवाला धोका."

"कुणापासून?"

"धाकट्या भावापासून. नानासो नाव. बांधावरनं भांडाण हाय. गोळी घालीन म्हणतोय."

नोटरीने तसं टाइप केलं आणि सही घेतली. "आता तुम्हाला ओळखणारा एक माणूस लागेल. त्याचीही सही पाहिजे."

नाथाजींनी रस्त्याकडे बघून हाक मारली. ज्या मोटरसायकलवरून दोघं आले होते, ती चिंचेखाली लावून उभा असलेला माणूस आला. त्याने कागद शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली आणि सही केली. नोटरीने सहीखालचं नाव वाचून वर पाहिलं.

"तुम्हीच नानासो?"

"व्हय. दादाला माझ्याएवढं कोण वळखतंय?"

नोटरीने शिक्का मारला. नानासोने खिशातून आपला परवाना काढून टेबलावर ठेवला.

"आता माझं लिवा. कारण त्येच, फकस्त नाव बदला. वळखायला दादा हायच."