कपाळावरची नोट

ढोल वाजत होते, आणि दुफीच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला.

"आले का सगळ्यांचे पैसे?" ओसरीवरून मालक ओसेई ओरडला. बेकरीच्या अंगणात नाचणाऱ्या बायकांनी फोन उंचावून एकच कल्ला केला. पाचशे सेडी! नाताळचं बक्षीस इतकं घसघशीत कधीच मिळालं नव्हतं. "यंदा रांग नाही की ताटकळणं नाही," ओसेई खुशीत म्हणाला.

दुफी नाचत राहिली, पण तिचं कपाळ मोकळं होतं. उत्तरेकडून आलेल्या धुळीनं कुमासी शहराचं ऊन पांढुरकं झालं होतं, आणि त्यात तिला मागचे सगळे नाताळ तरंगताना दिसत होते. ओसेईची आई, मामे पोकुआ, नाचणाऱ्या एकेकीसमोर यायची आणि थुंकी लावलेली नोट तिच्या कपाळावर दाबायची. दुफी भट्टीवरची. तिच्यापाशी आली की मामे हसायची, "हिला थुंकी कशाला? ही तर माझी भट्टी!" वीसचीच नोट असायची, पण तिच्या घामावर ती आपसूक चिकटायची. दुफी ती कपाळावर मिरवत घरी जायची.

आता मामे ओसरीवरच्या खुर्चीत नुसती बसून असे. पावसाळ्यापासून तिला माणसं ओळखू येत नव्हती. पोटच्या पोरालाही ती "तुम्ही कोण?" म्हणून विचारायची.

दुफी नाचातून निघाली. कोपऱ्यावरच्या टपरीत फोनमधले पैसे रोख मिळत.

"वीसच?" टपरीवाली म्हणाली. "मावशी, बाकीचे काय उबवणार आहात?"

"तेवढीच हवी. आणि कोरी नको, मऊ दे."

ती परतली तेव्हा ढोलवाले जेवायला बसले होते. तिनं नोट मामेच्या हातात ठेवली आणि तिच्यापुढे गुडघे टेकले.

ओसेई धावत आला. "मावशी, कमी पडले का? अजून शंभर टाकतो ना! आईला आता काही कळत नाही हो."

"थांब रे जरा, बाळा."

मामेनं नोट उलटसुलट करून पाहिली. "कोणाची गं ही?"

एकोणीस वर्षं पहाटे उठून दुफी भट्टीपुढे उभी राहिली होती. ते डोळ्यांनी पाहिलेलं हे एकच माणूस होतं, आणि तेच विसरलं होतं.

मामेनं अंगठा जिभेकडे नेला. दुसऱ्या हातानं दुफीचं घामेजलेलं कपाळ चाचपलं. सकाळच्या भट्टीची धग अजून उतरली नव्हती. अंगठा वाटेतच थांबला.

"हिला थुंकी कशाला?" मामे म्हणाली.

नोट चिकटली. दुफी उठली आणि डोळे मिटून हळूहळू नाचू लागली. ढोल बंदच होते. मामे खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका देत होती.