केबिन येईपर्यंत

"चाकं घेतलीस का वर?" व्हर्नानं विचारलं, आणि लिव्हरकडे निघालेला क्लेटनचा हात अर्ध्यातच थांबला.

धावपट्टी नुकतीच सुटली होती. गावातून निघायचं ते डांबरावरून आणि जंगलातल्या लाकडी केबिनपाशी उतरायचं ते तळ्यावर, म्हणून विमानाच्या पोटाखाली दोन लांब होड्या होत्या आणि होड्यांतून बाहेर आलेली चाकं. डांबराला चाकं खाली, पाण्याला वर, नाहीतर विमान उलटं. अलास्कात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

क्लेटननं मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. तिथं ड्वेन बसला होता, त्याचा जुना दोस्त, मूस हरणाच्या शिकारीसाठी फेअरबँक्सहून आलेला.

"ऐकलंस? केस पिकले माझे या सीटवर, आणि आता बायको शिकवणार मला!"

लिव्हरकडे निघालेला तोच हात त्यानं वळवला आणि व्हर्नाच्या हेडफोनची वायर उपसून तिच्या मांडीवर टाकली. मग इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला, "केबिन येईपर्यंत तोंड उघडायचं नाही! एक शब्द नाही! कळलं?"

ड्वेन पोट धरून हसला. लिव्हर ओढायचा राहिला तो राहिलाच.

व्हर्नानं वायर तशीच मांडीवर राहू दिली. राग तिला आला होता आणि तो आजचा नव्हता. निघताना तिनंच वाकून क्लेटनचा पट्टा बांधला होता. खांदा आखडल्यापासून तो पट्टा तीच बांधायची, तीच सोडायची. कुठल्याशा लष्करी विमानातून काढलेला पट्टा तो, नुसता ओढून सुटायचा नाही. बकल आधी फिरवायचं, मग दाबायचं. ती वाकलेली असतानाच क्लेटन ड्वेनला म्हणाला होता, "बघ, एवढं एकच काम जमतं हिला. त्यालाही किती वेळ लावते!"

खाली काळी झाडं आणि दलदल मागं पडत होती. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. व्हर्नाला ऐकू काहीच येत नव्हतं, पण विषय आपलाच चाललाय हे कळायला कान लागत नाहीत. क्लेटननं अंगठ्यानं तिच्याकडे खूण केली की ड्वेनचं पोट हलायचं.

मग तळं दिसलं. पलीकडच्या काठावर केबिनचं हिरवं छप्पर. क्लेटननं इंजिनाचा जोर उतरवला आणि व्हर्नाची नजर सवयीनं पंखाखालच्या आरशाकडे गेली. तो आरसा चाकं बघायलाच असतो. आरशात होडी होती, आणि होडीखाली काळं गुबगुबीत चाक.

तिनं क्लेटनची बाही ओढली.

त्यानं तिच्याकडे न पाहताच तिचा हात झटकला. वर ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मागं ड्वेन परत हसला.

व्हर्नानं हात मांडीवर घेतला. खरं तर दुसऱ्यांदा ओढता आला असता. किंचाळता आलं असतं. पण नाही ओढला, आणि खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं.

तिनं आपला पट्टा करकचून आवळला. दाराची कडी काढून दार जरासं किलकिलं करून ठेवलं. ड्वेननं पुढं वाकून तिच्या कानात आरोळी ठोकली, "काय गं, घाबरलीस की काय नवऱ्याच्या लँडिंगला?"

तिनं मागं वळून त्याच्याकडे पाहिलं आणि हसली.

पाणी जवळ आलं. क्लेटनचे ओठ हलले. उतरण्याआधी वैमानिकानं म्हणायचंच असतं: पाण्यावर उतरतोय, चाकं वर. शेजारच्यानं आरशात बघून म्हणायचं: वर. व्हर्नाची वायर तिच्या मांडीवर होती. उत्तर आलं नाही, आणि क्लेटन उत्तरासाठी थांबला नाही.

चाकांनी पाणी धरलं. नाक खाली गेलं, शेपटी डोक्यावरून आली, आणि सगळं उलटं, काळं, गार झालं.

व्हर्ना किलकिल्या दारातून सुटली आणि उपड्या होडीवर चढून बसली. चारही चाकं आभाळाकडे होती, एक अजून फिरत होतं. तिच्यामागोमाग त्याच दारातून ड्वेन वर आला, कपाळ फुटलेलं.

"क्लेटन कुठंय?"

तिनं खाली बोट दाखवलं. ड्वेननं बुडी मारली. वर आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"पट्टा सुटत नाहीये! जिवंत आहे तो, माझा हात धरला त्यानं! कसा सोडायचा, व्हर्ना?"

तो परत खाली गेला. पायांखालचा पत्रा आतून वाजला. एकदा, मग पुन्हा, जरा हळू. ड्वेन वर आला, खोकला, होडीला लटकला.

"तूच बांधला होतास ना! ओढायचा की दाबायचा? बोल ना बाई! अगं, एक शब्द तरी बोल!"

व्हर्नानं तोंडावरचं पाणी पुसलं आणि काठाकडे पाहिलं. झाडांतून हिरवं छप्पर दिसत होतं. केबिन यायला अजून बराच अवकाश होता.