सोयीचा आरसा

लग्नाच्या ब्लाउजचं माप घेताना शिवणाऱ्या शकूमावशींचा हात नूपुरच्या गळ्यापाशी थांबला. "इथे गाठ आहे गं."

"काहीतरीच. आरशात बघा ना."

आरशात गळा नितळ होता. स्वतःच्या अंगाची लाज वाटून नूपुरने जेवण सोडलं, तेव्हा डॉक्टरांनीच हा आरसा लिहून दिला होता. मनाला लागेल ते तो दाखवत नसे. तेव्हापासून ती पोटभर जेवू लागली होती.

बोलणं ऐकून आत आलेल्या तिच्या वडिलांनी, दिगंबररावांनी, गळ्याला बोट लावून पाहिलं. सुपारीएवढी टणक गाठ होती. तिची आई आजाराने गेली, त्या आठवड्यातही ती याच आरशात ठणठणीत दिसत होती.

"चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ."

"नको बाबा," नूपुर मागे सरकली. "तिथे साधे आरसे असतात."