लष्कराचा हंडा

"हंडा रिकामा कर," बिशप म्हणाला. "सम्राटांना उकळायचंय."

मी लष्कराची स्वयंपाकीण. माझ्या हंड्यात शिपायांसाठी जवाची पेज शिजायची. पण सम्राट परमुलखात मेला, की उकळून त्याचं मांस सोडवायचं आणि हाडं पेटीत घालून मायदेशी न्यायची, अशी आमच्याकडची रीत.

"गेल्या वर्षी याच वेढ्यात माझा लेक वेर्नर पडला, तेव्हा मीही हाच हंडा मागितला होता," मी म्हणाले. "माझ्याच चुलीवरचा हंडा! सम्राट काय म्हणाले, आठवतंय? 'शिपाई पडला, की तिथेच पुरायचा.' आणि वर हसले!"

"जिभेला आवर घाल, बाई. हाडं स्वच्छ धू आणि पेटीत भर."

एवढं बोलून तो नाक दाबत तंबूत पळाला. वासामुळे एकही सरदार जवळ फिरकला नाही. मेल्यावरही यांची उष्टी आम्हीच काढायची! मी कुदळ उचलली. छावणीमागची वेर्नरची जागा मला ठाऊक होती.

पेटी राजधानीत पोचली तेव्हा घंटा घणघणल्या. सम्राज्ञीने पेटीवर डोकं टेकलं. सरदारांनी गुडघे टेकले. बिशपने संगमरवरी थडग्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मीही गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि पेटीवरून हात फिरवला.

"आलास रे घरी," मी पुटपुटले.

सम्राट तिकडेच आहे, छावणीमागे. पडला, तिथेच पुरला मी त्याला.